देव्हाऱ्यात राउन

हुसाविक, ९ जानेवारी १९८४

प्रिय साल्वर मावशी,

तुम्ही पाठवलेले लोकरी मोजे नाताळच्या आधीच मिळाले. तेव्हाच कळवायला हवं होतं. पण आमच्या घरात तुम्हाला पत्र लिहायचं काम तुमच्या भाच्याचं, केतिलचं होतं, माझ्याकडे फक्त पाकीट चिकटवणं असायचं. म्हणून उशीर झाला.

बोट सापडली, बोटीवरचे बाकीचे दोघं सापडले, केतिल सापडला नाही, एवढं मी तारेत कळवलं होतंच. नोव्हेंबरच्या शेवटी शोध थांबवला आणि डिसेंबरात चर्चमध्ये सभा झाली. रस्ता बंद असल्यामुळे तुम्हाला येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नका. पाद्रीबुवा भले आहेत. म्हणाले, "केतिल आमच्या देवाचा राहिला नव्हता, पण या गावाचा होता." दोन गाणी झाली. शवपेटीच्या जागी फुलांचं टेबल होतं. त्याचा एक पाय हलत होता आणि सगळा वेळ मी त्याच्याकडे बघत होते. सगळे रडले, मी रडले नाही. माझी मैत्रीण बेर्गा अजून मला विचारते, "काय गं, रडलीस का?" जणू सर्दी मोकळी झाली का विचारतेय.

आता कामाचं. आमच्या लग्नात तुम्ही जुन्या देवांच्या, थॉर आणि फ्रेयरच्या, लाकडी मूर्ती करून दिल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या फळीवर आमचा देव्हारा आहे आणि दोघं तिथेच असतात. थॉरच्या दाढीला बारीक तडा गेलाय. केतिल म्हणायचा, म्हातारा हसायला लागलाय. मला तिसरी मूर्ती हवी आहे. वीतभर उंचीची. राउनची.

कराल ना?

तुमची,
दागनी


रेकानेस, २ फेब्रुवारी १९८४

दागनी,

टपालाचं विमान तीन आठवडे उतरलं नाही, त्यामुळे तुझं पत्र परवा हाती आलं. शेजारचा ओद्दुर ते स्कीवरून घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "या वयात तुला एवढं जाड पाकीट कोण पाठवतं, साल्वर?" मी त्याला कॉफी दिली नाही.

राउन मी करणार नाही.

कारण विचारशील म्हणून सांगते. मी थॉरला मानत नाही, फ्रेयरला मानत नाही आणि पाद्रीबुवांच्या देवालाही फारसं मानत नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. जे पुराव्याने सिद्ध होत नाही ते फळ्यावर लिहिलं नाही. मूर्ती करते कारण समुद्र माझ्या किनाऱ्यावर फुकट लाकूड आणून टाकतो आणि हाताला काम हवं असतं. तरीही राउन करणार नाही. समुद्राच्या तळाशी राहून जी बाई जाळं टाकून माणसं खाली ओढते, तिला या किनाऱ्यावर कुणी घरात घेत नाही. याला तू अंधश्रद्धा म्हण. मीही म्हणते.

त्याऐवजी सोबतच्या खोक्यात फ्रेयरची बहीण, फ्रेया, पाठवते आहे. तिचाही नवरा हरवला होता. त्याला शोधत ती देशोदेशी फिरली, सोन्याचे अश्रू गाळले. तुला सोबत हवी असेल तर तिची घे.

थॉरला चुलीजवळून हलव. समुद्रात मुरलेलं लाकूड उष्णतेने तडकतं, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तडे हसण्यामुळे पडत नाहीत.

धक्क्यावर एकटी जातेस का? रात्री कोण असतं घरी? या दोन प्रश्नांची उत्तरं पाठव.

साल्वर


हुसाविक, ११ मार्च १९८४

प्रिय मावशी,

फ्रेया आली. इतकी सुंदर आहे की बेर्गा खोकं उघडल्यापासून तिच्या मागे लागली होती. शेवटी म्हणाली, "तुला नको असेल तर मी नेते. माझा नवरा अजून बोटीवर असतो, घरी रडायला कुणीतरी तयार असलेलं बरं." मी म्हटलं, ने. तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे.

मला रडणारी नको होती, मावशी. रडणाऱ्या बायका गावात पुष्कळ आहेत. आणि फ्रेयाचा नवरा कुठे आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. माझा कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं. धक्क्यावर मी जाते, कारण मासे साफ करण्याचा कारखाना धक्क्यावरच आहे आणि मी तिथे काम करते. रात्री घरी मी असते. तुम्हाला काय विचारायचं होतं ते समजलं. बेर्गाही तेच विचारते, फक्त तिचं विचारणं म्हणजे अचानक सूप घेऊन येणं. मी त्याच्या मागे जाणार नाही. पाणी मला कधीच आवडलं नाही.

राउन घरी आणायची म्हटल्यावर बेर्गा म्हणाली, "ती बाई तुझ्या खिडकीत बसली तर मी तुझ्याकडे कॉफीला येणार नाही." पंधरा वर्षं ती रोज येते. मी म्हटलं, मग नको येऊस. तरीही मला ती हवीच आहे.

दागनी


रेकानेस, ५ एप्रिल १९८४

दागनी,

होय, मला तेच वाटलं होतं. शाळेत असताना मुलांना सांगायचे, संशय आला की सरळ विचारा. आणि स्वतः मात्र आडून विचारलं. तुझं उत्तर वाचून बरं वाटलं.

फ्रेया बेर्गाकडे गेली, हरकत नाही. तिला सांग, नाक पुसायच्या फडक्याने मूर्ती पुसू नये. लोक पुसतात.

आता सरळ विचारते. राउनकडून तुला काय हवं आहे? तिला शिव्या द्यायच्या असतील तर त्या खिडकीतून समुद्राकडे बघून देता येतात, मूर्तीची गरज नाही. तिला जाळायचं असेल तर मी केलेलं लाकूड मी जाळू देणार नाही. आणि नवरा परत मागायचा असेल, तर दागनी, तू शहाणी मुलगी आहेस.

यांपैकी काही नसेल तर काय आहे ते लिही. कळल्याशिवाय मी पटाशी हातात घेणार नाही.

साल्वर


हुसाविक, १२ एप्रिल १९८४

प्रिय मावशी,

तिन्हींपैकी काहीच नाही. हे मी बेर्गालासुद्धा सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी मार्चमध्ये जाळं ओढताना केतिलची लग्नाची अंगठी दोरात अडकली. बोट जायचंच, थोडक्यात वाचलं. घरी आला तेव्हा बोट बटाट्याएवढं सुजलं होतं. मी फार ओरडले. म्हटलं, "उद्यापासून अंगठी घरी काढून ठेवायची. मला नवरा बोटांसकट पाहिजे." तो म्हणाला, "अगं, म्हातारे काय म्हणतात माहीत आहे ना? समुद्रावर जाताना अंगावर सोनं असावं. राउनच्या घरी रिकाम्या हाताने गेलं तर बसायलासुद्धा मिळत नाही." चेष्टेतच म्हणाला. मी म्हटलं, "मग जाऊ नकोस तिच्या घरी."

त्या दिवसापासून बोटीवर जाताना तो अंगठी थॉरच्या हातोड्याच्या दांड्यात अडकवून जायचा आणि आल्यावर बोटात घालायचा. थॉर राखणदार, म्हणायचा. नोव्हेंबरातही तसंच केलं. अंगठी अजून तिथेच आहे. मी हात लावलेला नाही. थॉरचं तोंड काचेकडे फिरवून ठेवलंय.

मी काही सगळं मानणारी नाही. केतिल मानायचा, मी त्याच्या शेजारी उभी राहायचे. सणाला बिअरचे चार थेंब देवांपुढे तो ओतायचा, फरशी मी पुसायचे. पण आता मासे कापताना, भांडी घासताना एकच गोष्ट डोक्यात येते. तो तिथे गेला आणि त्याच्या हातात काही नव्हतं. आणि ते माझ्यामुळे. मला ती अंगठी तिला द्यायची आहे. समुद्रात फेकली तर ती कुणाला मिळेल, सांगता येत नाही. तिच्या हातात द्यायची आहे. त्यासाठी तिला हात पाहिजे.

एवढंच.

दागनी


रेकानेस, १९ एप्रिल १९८४, उन्हाळ्याचा पहिला दिवस

दागनी,

कॅलेंडरात आज उन्हाळा सुरू झाला. बाहेर गुडघाभर बर्फ आहे. ओद्दुर नुसता सदरा घालून शुभेच्छा द्यायला आला आणि थरथरत परत गेला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आता माझं ऐक. हे मीही कुणाला सांगितलेलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना माशाच्या डोक्याच्या हाडांच्या बाहुल्या करायचे. इथे सगळी मुलं करतात. एक बाहुली फार चांगली जमली. जाळ्याचा तुकडा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, ही राउन. वडील समुद्रावर गेले होते. त्यांची बोट तिला दिसावी म्हणून मी ती समुद्राकडच्या खिडकीत बसवली. लहान मुलाचं डोकं. चौथ्या दिवशीही बोट आली नाही. आईने खिडकीत पाहिलं, बाहुली उचलली आणि चुलीत टाकली. बोलली काहीच नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर तीस वर्षं जगली तेव्हाही नाही.

तिने बोलायला हवं होतं. "तुझ्यामुळे नाही," एवढे दोन शब्द. हाडाच्या बाहुलीने वादळ येत नाही हे मला कॉलेजात हवामान शिकले तेव्हा पुराव्यासकट कळलं. पण पुरावा मिळून पन्नास वर्षं झाली आणि अजून मी राउन कोरलेली नाही. यावरून काय ते समज.

म्हणून मी तुझ्याशी बोलते आहे. अंगठी काढून ठेवायला सांगितलंस ते बरोबर केलंस. मी तिथे असते तर मीही तेच सांगितलं असतं, आणि तुझ्यापेक्षा मोठ्याने. त्या अंगठीशिवाय तो आठ महिने सगळ्या बोटांनी जेवला, तुझा हात धरला. ते तू दिलंस. बोट बुडाली ती वाऱ्याने.

हे वाचूनही डोक्यातलं जाणार नाही, मला माहीत आहे. म्हणून मूर्ती करते. सायबेरियातून वाहत आलेला लार्चचा एक ओंडका शेडमध्ये सात वर्षं वाळतोय. तो घेते.

मला दोन गोष्टी पाठव. अंगठीच्या आतून दोरा फिरवून माप घे आणि दोरा पाठव. दुसरं, तिचा चेहरा कसा हवा ते लिही. राउनचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला ते सांगायला आले नाहीत.

साल्वर


हुसाविक, २७ एप्रिल १९८४

प्रिय मावशी,

दोरा सोबत आहे. माप घ्यायला अंगठी हातोड्यावरून काढावी लागली. पाच महिन्यांनी पहिल्यांदा. काढल्यावर थॉरचं तोंड घराकडे केलं, उगाच त्याला शिक्षा कशाला. चुलीजवळून हलवलाय.

चेहऱ्याचा विचार आठवडाभर केला. आधी वाटलं, दुष्ट हवा. मग वाटलं, दुष्ट बाईच्या घरी त्याला कशी ठेवू? मग दयाळू करायला सांगणार होते, पण दयाळू असती तर तिने नेलंच नसतं. शेवटी मला आठवली ती आमच्या कारखान्याजवळची खाणावळवाली. परगावचे खलाशी तिच्याकडे राहतात. ती कुणाला बोलावत नाही, कुणाशी गोड बोलत नाही. पण कोण जेवलं आणि कोण नाही हे तिला न मोजता कळतं, आणि ओल्या बुटांनी आत आलेल्याला ती बाहेर काढते. तसा चेहरा करता येईल?

तुमच्या त्या दोन शब्दांबद्दल मी काही लिहीत नाही. पत्र घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलंय. त्याला आता माशांचा वास येतो.

तुमची,
दागनी


रेकानेस, २२ मे १९८४

दागनी,

रस्ता काल उघडला. पहिल्या ट्रकबरोबर खोकं पाठवते आहे.

तीन चेहरे बिघडवले. पहिला माझ्या आईसारखा झाला, दुसरा माझ्यासारखा. तिसरा ओद्दुरने पाहिला आणि म्हणाला, "ही बाई मला विचारतेय, पाय पुसलेस का?" तेव्हा मी थांबले. तोच पाठवला असता, पण गालावर गाठ निघाली. पाठवलेला चौथा आहे, तसाच आहे, गाठीशिवाय.

जाळं डाव्या खांद्यावर आहे, ते तिचं काम आहे, झाकता येणार नाही. उजवा हात पुढे आहे, तळवा वर. अंगठी बोटात बसवायला बोट इतकं जाड करावं लागलं असतं की तो हात राहिला नसता, म्हणून मनगटात घालायची. दोऱ्याच्या मापाने मनगट कोरलंय. जरा फिरवून आत सरकव, जोर लावू नकोस. बसली की सहज निघणार नाही, तेव्हा आधी नीट विचार कर.

तेल लावू नको. पाणी लागलं तर काही होणार नाही, त्यातलीच आहे.

साल्वर


हुसाविक, ४ जून १९८४

प्रिय मावशी,

काल दर्यावर्दींचा दिवस होता. सकाळी सगळं गाव धक्क्यावर. झेंडे, बँड, होड्यांची शर्यत. बुडालेल्यांची नावं वाचतात तेव्हा मी तिथे असावं असं पाद्रीबुवांनी दोनदा येऊन सांगितलं. मी म्हटलं, मला घरी काम आहे. ते म्हणाले, "आज कसलं काम?" मी सांगितलं नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही, म्हणून ते मला आवडतात.

राउनला थॉर आणि फ्रेयरच्या मध्ये बसवलं. तिच्याकडे बघून आधी थोडं हसूच आलं. अगदी खाणावळवालीच. बिअर घरात नव्हती, म्हणून कपभर कॉफी ठेवली. मग अंगठी घेतली. तुम्ही म्हणालात तशी फिरवून सरकवली. बसली. कोपऱ्यातल्या घड्याळाचा आवाज येत होता, बाहेर बँड वाजत होता.

मला वाटलं होतं काहीतरी म्हणावं लागेल, देवापुढे म्हणतात तसं. केतिलला ते श्लोक यायचे. मला एकही आठवला नाही. मग मी तिच्याशी साधं बोलायला लागले. नव्या भाडेकरूला पोचवायला आलेलं माणूस बोलतं तसं.

म्हटलं, हे घ्या, याचं राहिलं होतं. विसरला नव्हता, मी ठेवून घेतलं होतं. म्हटलं, बाई, तो थंडी वाजत नाही म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नका. खिडकी उघडी असल्याशिवाय त्याला झोप येत नाही, आता तिथे खिडकी कशी असते मला माहीत नाही, पण बघा. मेंढीच्या डोक्याचं मांस वाढू नका, आदबीने खाईल आणि रात्रभर पोट धरून बसेल. मनाला लागलं की तो गुणगुणतो. तेव्हा काय झालं म्हणून विचारू नका. तासाभराने आपणहून सांगतो.

इथपर्यंत आले आणि रडू आलं, मावशी. उभ्याने नाही जमलं, फरशीवर बसून रडले. किती वेळ, माहीत नाही. बँड थांबला होता.

बेर्गा धक्क्यावरून तशीच माझ्याकडे आली. दारात थांबली, फळीकडे बघितलं. "ती तीच का?"

"हो."

"मला वाटलं, दात असतील." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "झालं वाटतं एकदाचं." आत आली, कॉफी मागितली, आणि राउनकडे पाठ करून बसली. दोन कप प्यायली. जाताना दारातून मागे न बघता म्हणाली, "उद्या येते. पण मी हिच्याशी बोलणार नाही, सांगून ठेवते."

तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. तुम्हाला ते आवडतही नाही.

तुमची,
दागनी


रेकानेस, १४ जून १९८४

दागनी,

पत्र मिळालं. आभार नकोत, बरोबर ओळखलंस. लाकूड समुद्राचं होतं.

तुझ्या सांगण्यात एक गोष्ट राहिली आहे, ती तुला माहीत नाही. केतिल सात वर्षांचा असताना उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आला आणि कानाच्या दुखण्याने पंधरा दिवस तापला. तेव्हापासून डाव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. बोटीवर घेणार नाहीत म्हणून त्याने ते कुणालाच कळू दिलं नाही. मला शपथ घातली होती. तुला तो कायम आपल्या उजवीकडे बसवायचा, ते त्यासाठी. तुझं एकही वाक्य त्याला चुकवायचं नव्हतं.

तिला हे सांगायला हवं. तिने हाक मारली आणि तो वळला नाही, तर त्याला उर्मट समजेल. सकाळी तिच्यापुढे कॉफी ठेवशील तेव्हा सांग: त्याच्याशी उजव्या बाजूने बोल म्हणावं.

साल्वर